‘आजवर कधी काही झालं नाही’

तर्कदोष म्हणजे कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या पेपरातला प्रश्न, नाक्यावरच्या बोलण्याशी त्याचा काय संबंध, असं बहुतेकांना वाटतं. खालापूर तालुक्यात तरी कोणी तसं म्हणू नये.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, ही ठाकर आदिवासींची वस्ती, दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. दरड कोसळण्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस पडल्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती: दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

डोंगरउतारावरच्या कुठल्याही वाडीत स्थलांतराचा विषय काढा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘बापजाद्यांपासून इथे राहतोय, आजवर कधी काही झालं नाही.’ हा अनुभवाचा पुरावा आहे, असा आपला गैरसमज असतो. अनुभव खरा असतो, त्यावरून काढलेलं अनुमान लंगडं असतं. ३० जुलै २०१४ च्या आदल्या रात्री आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये हेच म्हणता आलं असतं, आणि २२ जुलै २०२१ च्या सकाळी महाडच्या तळियेतही. दोन्ही गावं त्यानंतर दरडीखाली गेली. शाबूत राहिलेल्या आणि गाडल्या गेलेल्या, दोन्ही प्रकारच्या गावांना जे कारण सारखंच लागू पडतं, ते सुरक्षिततेचा पुरावा कसं होईल? न्यायशास्त्रात अशा कारणाला ‘सव्यभिचार’ म्हणतात. पाच हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या कारणांच्या, यादीत तो पहिला. तेव्हा तर्कदोष ओळखणं हे इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेलं खूळ आहे, हीसुद्धा चुकीची समजूत. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यांची वर्गवारी झालेली आहे.

दरड गावाचं वय बघून येत नाही. उतार किती तीव्र, खडकावर मातीचा थर केवढा, त्यात पाणी किती मुरलंय, वरच्या अंगाला भेगा पडल्यात का, हे प्रश्न विचारायचे. आजोबांचा मुक्काम किती वर्षांचा, हा नव्हे.

पण वाडीवरच्या माणसांनाच नावं ठेवून भागणार नाही. ‘यादीत नाव नाही, म्हणजे धोका नाही’ असं धरून चालणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक अधिक असतात. ‘धोका आढळला नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याचं वजन कोणी, कुठे आणि किती बारकाईने पाहिलं यावर ठरतं. न पाहिलेल्या उताराबद्दल यादी काहीच बोलत नसते, आणि तिच्या गप्प बसण्याला आपण होकार समजतो. तीच गोष्ट ‘एकतर गाव हलवा, नाहीतर मरा’ या दोनच वाटा दाखवण्याची. वाडी सुटली की शेत, गुरं आणि रान लांब पडतं. त्याची सोय लावणारी तिसरी वाट मांडलीच नाही, तर लोक हटवादी आहेत असं म्हणायला आपण मोकळे.

आता कर्जत तालुक्यातलं माथेरान. मोटारींना बंदी, २००३ पासून पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र. माणसाने ओढायच्या हातरिक्षांच्या जागी ई-रिक्षा याव्यात का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. असल्या वादात एक वाक्य हमखास येतं: ‘घोडेवाले विरोध करणारच, त्यांचं पोट त्यावर आहे.’ बोलणाऱ्याचा स्वार्थ दिसला की त्याचं म्हणणं खोटं ठरलं, असं इथे गृहीत धरलेलं असतं. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही तक्रार घोडेवाल्याने केली म्हणून ब्लॉकची पकड वाढत नाही. स्वार्थ दिसला तर पुरावा दुप्पट काटेकोरपणे तपासावा. तपासणीच टाळणं हा आळस झाला. आणि पोट तर हातरिक्षा ओढणाऱ्यालाही आहे.

दुसरं वाक्य: ‘आज ई-रिक्षा आली, उद्या मोटारी येतील.’ घसरगुंडीचा हा युक्तिवाद नेहमी चूकच असतो, असं तर्कशास्त्राचं थोडं वाचलेले लोक सांगतात. तेही बरोबर नाही. मधल्या पायऱ्या दाखवल्या, म्हणजे परवाने कोण देणार, संख्येवर मर्यादा कोणती, ती कोण वाढवू शकतो, तर युक्तिवाद रास्त ठरतो. न दाखवल्या तर ती नुसती भीती. ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षांची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. ई-रिक्षा हे त्याच ओढणाऱ्यांचं पुनर्वसन म्हणून पुढे आलं. पेव्हर ब्लॉकला दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मुभा मिळाली, आतल्या रस्त्यांवर नाही. म्हणजे घसरगुंडीवर कठडा बसवला गेला. तो उद्या टिकणार नाही असं म्हणायचं असेल, तर त्याचा पुरावा वेगळा द्यावा लागेल.

समोरच्याचा तर्कदोष पकडला की आपण जिंकलो, हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. बापजाद्यांचा दाखला फोल ठरला, म्हणून प्रत्येक वाडी येत्या पावसाळ्यात कोसळणार असं सिद्ध होत नाही. फक्त तो दाखला बाद होतो. प्रश्न तिथेच उभा राहतो आणि भूगर्भतज्ज्ञाला डोंगर चढावाच लागतो.

राहिला भगत. भातलावणीच्या दिवसांत साप चावतो, भगत मंत्र टाकतो, माणूस उठून बसतो. ‘डोळ्यांनी पाहिलंय,’ लोक सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. धामण आणि दिवड बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं तरी दर वेळी विष भरलं जातंच असं नाही. असा माणूस मंत्राविनाही उठला असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. शिवाय वाचलेला माणूस भगताची कीर्ती गावभर सांगतो, मेलेला सांगायला येत नाही. याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, तो किती रुग्ण वाचले आणि किती दगावले याची नोंद ठेवून. आठवणीवर विसंबून नव्हे.

तेव्हा भगताशी वाद घालत बसू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, जखमेवर चिरा देऊ नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.