मुक्तस्रोत संगणकीय बीजगणितातील समीकरण-उकल

संगणकीय बीजगणित प्रणाली म्हणजे अंकांबरोबरच अक्षरांनी व चिन्हांनी मांडलेली गणिती पदावली हाताळणारे सॉफ्टवेअर होय. दिलेल्या समीकरणाच्या उकली शोधणारा त्यातील भाग समीकरण-उकलक म्हणून ओळखता येईल. मॅक्सिमा, सेजमॅथ व सिमपाय या प्रणाली मुक्तस्रोत आहेत. त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता व सुधारता येते. सिमपायमधील उकलकाची पुनर्रचना हे अशा सुधारणेचे ठळक उदाहरण आहे. अधिक समीकरणे सोडवणे एवढाच या सुधारणेचा हेतू नाही. उत्तर पूर्ण आहे की अपुरे आणि ते कोणत्या संख्यांपुरते खरे आहे, हे स्पष्ट सांगणे हा तिचा गाभा आहे.

उकलींची ग्राह्यता

गणिताने दिलेली प्रत्येक उकल प्रश्नाला लागू पडतेच असे नाही. ही अडचण भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) 'बीजगणित' या ग्रंथात आढळते. भास्कराचार्यांचा संबंध जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी जोडला जातो. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा शिलालेख तेथे आहे.

या ग्रंथातील एका उदाहरणात कळपातील माकडांच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो व उरलेली १२ माकडे टेकडीवर असतात. (क्ष/८)² + १२ = क्ष या समीकरणाच्या ४८ व १६ या दोन्ही उकली ग्राह्य ठरतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत जातो व एक माकड बाहेर दिसते. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष याच्या उकली ५० व ५ येतात. परंतु कळप ५ माकडांचा धरल्यास पाचवा हिस्सा १ होतो आणि त्यातून ३ वजा करता उणे २ उरतात. म्हणून भास्कराचार्य ही दुसरी उकल अग्राह्य ठरवतात. प्रश्नाची अट समीकरणात न उतरल्यास यंत्रापुढेही हीच अडचण उभी राहते.

पार्श्वभूमी

मॅक्सिमाचे मूळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या मॅक्सिमा-पूर्व 'मॅकसिमा' प्रणालीत आहे. विल्यम शेल्टर यांनी तिची एक आवृत्ती जतन केली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली वितरित करण्याची अनुमती मिळवली. सेजमॅथ हा प्रकल्प विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केला. सिमपाय ही ओंद्रेय चेर्टिक यांनी आरंभलेली, पायथॉन भाषेत लिहिलेली प्रणाली आहे. गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातून अनेक विद्यार्थ्यांनी तिच्या विकासात भाग घेतला आहे.

जुन्या उकलकाच्या उणिवा

सिमपायमधील 'सॉल्व्ह' हे फलन अनेक प्रकारची समीकरणे सोडवते, मात्र त्याच्या उत्तराचे स्वरूप एकसारखे नसते. कधी संख्यांची यादी मिळते, तर कधी जोड्यांची किंवा चल व किंमत यांच्या कोशाची. अनंत उकली असल्यास त्यांतील मोजक्याच दिल्या जातात. उदाहरणार्थ, साइन क्ष = ० या समीकरणासाठी ० व पाय एवढ्या दोनच उकली मिळतात; वस्तुतः पायची प्रत्येक पूर्णांकी पट ही उकल आहे. शिवाय रिकामी यादी पाहून उकल अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष निर्धास्तपणे काढता येत नाही.

वर्ग करण्यासारख्या क्रियांनी समीकरणात नसलेल्या उकलीही शिरतात. √क्ष = क्ष − २ याच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यास क्ष² − ५क्ष + ४ = ० मिळते व त्याच्या उकली ४ आणि १ येतात. १ ही किंमत मूळ समीकरणात घातल्यास डावी बाजू १ व उजवी उणे १ होते. म्हणून मिळालेली प्रत्येक किंमत मूळ समीकरणात पडताळणे आवश्यक ठरते.

सॉल्व्हसेट

२०१४ व २०१५ या वर्षांत गूगल समर ऑफ कोडमधून 'सॉल्व्हसेट' हे नवे फलन घडवले गेले. त्याचे उत्तर नेहमी संचाच्या रूपात असते. उकल नसल्याचे सिद्ध झाल्यास रिक्त संच, मोजक्या उकली असल्यास सांत संच, तर साइन क्ष = ० साठी सर्व पूर्णांकांवरून तयार होणारा अनंत संच मिळतो. कोसाइन क्ष = क्ष अशा समीकरणाची उकल ठरावीक सूत्राने लिहिता येत नाही. तेथे 'ही अट पाळणाऱ्या सर्व संख्या' एवढेच सांगणारा अटबद्ध संच परत येतो. 'उकल नाही' आणि 'उकल सापडली नाही' यांतील भेद त्यामुळे जपला जातो.

उकली कोणत्या प्रांतात शोधायच्या, हेही सांगता येते. प्रांत न दिल्यास संमिश्र संख्या गृहीत धरल्या जातात. माकडांच्या दुसऱ्या उदाहरणात पाचवा हिस्सा किमान ३ हवा, म्हणजे क्ष किमान १५ हवा. १५ पासून पुढचा अंतराल प्रांत म्हणून दिल्यास ५ ही उकल गळते व ५० तेवढी उरते. अट मात्र माणसालाच ओळखावी लागते.

पूर्णांकी समीकरणे

पूर्णांकी उकलींसाठी सिमपायमध्ये स्वतंत्र विभाग आहे. या प्रकारातील क्ष² − ६१य² = १ हे समीकरण भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडवले होते. फर्मा यांनी हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला. त्याची सर्वांत लहान धन उकल क्ष = १,७६,६३,१९,०४९ व य = २२,६१,५३,९८० अशी आहे. य ची एकेक किंमत तपासत गेल्यास बावीस कोटींहून अधिक प्रयत्न लागतील. चक्रवालात ८² − ६१ × १² = ३ यासारख्या जवळच्या समानतेपासून आरंभ करून थोड्याच आवर्तनांत उत्तर गाठता येते. सिमपाय यासाठी वितत अपूर्णांकांवर आधारलेली रीत वापरते.

मर्यादा

काही मर्यादा आज्ञावली सुधारून ओलांडता येत नाहीत. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणासाठी केवळ मूळ क्रिया व करणी वापरणारे सूत्र नाही, हे आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले. कोणत्याही पूर्णांकी समीकरणाला उकल आहे की नाही हे ठरवणारी सर्वसमावेशक रीत असू शकत नाही, हे मातियासेविच यांनी १९७० मध्ये दाखवले. त्यामुळे कोणताही उकलक काही प्रश्नांपुढे थांबणारच.

सुधारणेची पद्धत

चुकीचे किंवा अपुरे उत्तर आढळल्यास वापरकर्ता ते उदाहरण सार्वजनिक नोंदीत मांडतो. दुरुस्तीबरोबर तेच उदाहरण चाचणी म्हणून जोडले जाते. इतर विकासक दुरुस्ती तपासतात आणि मगच ती मुख्य आज्ञावलीत समाविष्ट होते. पुढील प्रत्येक बदलाच्या वेळी ती चाचणी पुन्हा चालवली जात असल्याने जुनी चूक परतल्यास लगेच लक्षात येते. निसटलेली एक उकल अभियांत्रिकीच्या गणनेत वा विद्यार्थ्याच्या अभ्यासात नकळत पुढे जाऊ शकते. उत्तर कसे आले हे आज्ञावली उघडून पाहता येणे, हे म्हणूनच मुक्तस्रोत प्रणालींचे महत्त्वाचे वैशिष्ट्य मानले जाते.