भागीदार कोण?



ज्या वस्तीत आपण जमलो आहोत, तिच्या नावातच आजचा विषय दडलेला आहे. ‘फ्री’ म्हणजे मोकळे. ‘गंज’ या मूळच्या फारसी शब्दाला आपल्याकडे बाजारपेठ हा अर्थ रूढ झाला. परंतु बाजारपेठ मोकळी राहते ती नियम नसतात म्हणून नव्हे. खऱ्या वजनमापाची हमी देणारी सत्ता पाठीशी असते म्हणून.

मोबाइलवरून वाहन मागविण्याच्या व्यवसायाने ‘शेअरिंग’ हा शब्द रूढ केला. दारात उभी असलेली गाडी दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, ही मूळ कल्पना मनोहर होती. तिचे पुरस्कर्ते म्हणतात, प्रवासी व चालक राजी असतील तर सरकारने मध्ये येऊ नये. चालकाला तेथे ‘भागीदार’ म्हणतात. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात आणि निर्णयात वाटा असणारा. भाडे कंपनी ठरविणार, खाते तीच बंद करणार. गाडीचा हप्ता व इंधन मात्र चालकाच्या माथी. मग तो भागीदार कसा?

योग्य नाव देणे हे कायद्याचे पहिले काम होय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘उबर’च्या चालकांना स्वतंत्र व्यावसायिक न मानता कामगार मानले. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा कंपन्यांना परवाना आवश्यक झाला. त्याच आधारे जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नसलेल्या ‘रॅपिडो’ला महाराष्ट्रातील सेवा थांबविण्यास सांगितले.

परवान्यांचा अतिरेक नव्या माणसाला दारातच अडवितो, ही मुक्त बाजारवाद्यांची टीका निराधार नाही. परंतु नियम दार उघडूही शकतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने विजेवरील दुचाकी टॅक्सीला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या श्रमिकांना प्रथमच कायद्यात नाव दिले आणि त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद केली.

२०२८ च्या सिंहस्थात यात्रेकरू याच शहरात वाहने मागवितील. तेव्हा बाजार मुक्त आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. त्या बाजारात गाडी चालविणारा माणूस कितपत मुक्त आहे, हेही आपण विचारले पाहिजे.