त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या खोल्या

शनिवारची दुपार कलली आहे. न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकातून आठव्या ॲव्हेन्यूवर बाहेर पडलं, की आधी नाकात शिरतो तो पाकात घोळवलेल्या शेंगदाण्यांचा वास. त्यात गांजाचाही मिसळलेला. बेचाळिसावा रस्ता ओलांडायचा, वेस्टिनची रंगीबेरंगी काच मागे टाकायची, की समोर पंधरा मजली जुनी विटांची इमारत. नाव ‘द टाइम्स स्क्वेअर’.

आत संगमरवरी जिना, उंच खांब, वर सज्जा. माझ्या मागोमाग चाकांच्या बॅगा ओढत एक कुटुंब शिरतं आणि थेट काउंटरवर बुकिंगचा कागद दाखवतं. तिथला माणूस शांतपणे सांगतो, “हे हॉटेल नाही, इथं लोक राहतात.” रोजचंच असावं. मग तो माझं ओळखपत्र बघतो.

हॉटेल होतंच म्हणा, १९२३च्या सुमाराचं. पुढं त्याची पार रया गेली. ऐंशीच्या दशकात ज्यांना कुठंच थारा नाही त्यांची इथं सोय लावली जायची. एकट्या माणसाला परवडतील अशा लाखाहून अधिक खोल्या तोवर या शहरातून नाहीशा झाल्या होत्या, आणि माणसं फुटपाथवर आली होती. रोझॅन हॅगर्टी यांनी १९९० साली ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ही इमारत घेतली. दुरुस्तीनंतर ६५२ घरं झाली. साधारण निम्मी पूर्वीच्या बेघरांना, बाकीची कमी पगारावर काम करणाऱ्यांना, त्यांत नाटकवालेही. समुपदेशक, समाजसेवक इमारतीतच बसतात.

लिफ्टमध्ये माझ्याबरोबर तिघं आहेत. एकाच्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी, दुसरा स्वतःशीच पुटपुटतोय, तिसरीच्या पाठीवर सेलोची पेटी. कोण कुठल्या निम्म्यातलं, मला सांगता येत नाही. पुटपुटणारा कदाचित संवाद पाठ करत असेल.

मी ज्यांच्याकडे आलोय त्या बाई नाटकाच्या कपडेपटात काम करतात. खोली गिरगावातल्या चाळीच्या खोलीएवढी, पण संडास-बाथरूम आतच. पलंग, दोन शेगड्या, आणि खिडकीच्या कठड्यावर रंगवार लावलेली दोऱ्याची रिळं. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली. चहा गाळतानाही ती उतरत नाही.

खिडकीतून डोकावलं तर लिरिक थिएटरकडे निघालेली हॅरी पॉटरची गर्दी दिसते. एके काळी बकाल असलेला हा भाग सुधारला तो डिस्नेमुळे, असं जो तो सांगतो. एकट्या या इमारतीनं सारं केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. महापालिका, पोलीस, बड्यांचा पैसा, सगळंच लागलं. पण डिस्नेनं बेचाळिसाव्यावरचं न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर १९९७ साली उघडलं. त्याआधीच या कोपऱ्यावर रात्रभर दिवा होता आणि काउंटरवर जागा माणूस होता. खाली ‘बेन अँड जेरीज’चं आइस्क्रीमचं दुकानही निघालं, त्यात इथलेच भाडेकरू कामाला.

शेजारी असली वस्ती नको, भाव पडतील, ही ओरड इथंही आहेच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फर्मन सेंटरनं २००८ साली शहरातल्या अशा इमारतींचा हिशेब मांडला, तर पाचशे फुटांच्या आतल्या मालमत्तांचे भाव उलट चढत गेलेले. आता भाव चढले की गरीब उठतो, हे आपण परळ-लालबागला पाहिलंय. इथला उठला नाही, कारण मालकी नफा न कमावणाऱ्या संस्थेची. आजूबाजूच्या हॉटेलांतल्या खोल्यांचं रात्रीचं भाडं शेकडो डॉलर. इथं पूर्वी बेघर असलेल्याकडून मिळकतीच्या तीस टक्क्यांच्या आसपास घेतात.

“चढलेल्या भावाचं मला काय,” बाई म्हणतात, “मला इथून चालत कामावर जाता येतं.”

त्या घड्याळ बघतात. आठचा प्रयोग, साडेसहाला कपडेपटात हजेरी, आणि दुसऱ्या अंकातला एक झगा अजून उसवलेलाच आहे. मला चहा अर्धा टाकून उठावं लागतं.