परदेशातून कुलमुखत्यारपत्र

परदेशी वास्तव्य करणाऱ्या मनुष्यास महाराष्ट्रातील वडिलोपार्जित मिळकतीचा दस्त दुय्यम निबंधकापुढे नोंदविण्याचा अधिकार गावाकडील भावास द्यावयाचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार ते कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वाणिज्यदूतासमोर अथवा नोटरीसमोर सही करून प्रमाणित करून घ्यावे लागते. आणि ते या राज्यात प्रथम पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरावयाचे असल्यामुळे टपालाचा लिफाफा तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवणे इष्ट. ‘सर्व अधिकार’ असे मोघम लिहिण्यापेक्षा गट क्रमांक, चतुःसीमा आणि विक्रीचा हक्क दिला आहे की नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत नमूद करणे कितीतरी श्रेयस्कर, कारण भावाभावांतील वितुष्ट अनेकदा या मोघमपणातूनच उद्भवते. लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर हा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो.