आतड्याची इजा, जिवाणूंचे विष आणि फुप्फुसांची हानी

प्रस्तावना :
तीव्र जुलाब, आतड्यास पडलेले छिद्र, गंभीर भाजणे किंवा उष्माघात यांमुळे अत्यवस्थ झालेल्या काही रुग्णांना पुढील काही तासांत वा दिवसांत श्वास घेणे कठीण होते. छातीचा मूळ आजार नसताना फुप्फुसे निकामी का होतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग उदरात आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

आतड्याचा अडसर :
आतड्यातील असंख्य जिवाणू व शरीराचा अंतर्भाग यांच्यामध्ये पेशींचा केवळ एकपदरी थर असतो. रक्तदाब घटल्यावर मेंदू व हृदय यांचे रक्षण करण्यासाठी शरीर आतड्याचा रक्तपुरवठा कमी करते. परिणामी अस्तराच्या पेशी प्राणवायूअभावी मरू लागतात, त्यांच्यातील सांधे सैल होतात आणि जिवाणूंची विषे आत शिरतात.

विषाचे स्वरूप व मार्ग :
१८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी पटकीच्या जिवाणूंचा अभ्यास करताना त्यांच्या शरीराशीच निगडित असलेले विष ओळखले. जिवाणू मेल्यावरही टिकणाऱ्या या विषास अंतर्विष म्हणतात. याउलट, कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलेले पटकीचे बहिर्विष आतड्यातच पाणी पाझरविते.

आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृतात गाळले जाते. लसिका मात्र यकृत टाळून, वक्षातील मोठ्या लसिकावाहिनीवाटे मानेच्या तळाशी असलेल्या शिरेत मिसळते. तेथून ती हृदयाच्या उजव्या बाजूस व पुढे थेट फुप्फुसांत पोहोचते. प्राण्यांवरील प्रयोगांत आतड्याची लसिकावाहिनी बांधली असता फुप्फुसांची इजा कमी झाल्याचे आढळले. मनुष्यात या मार्गाचा वाटा किती, हे अद्याप तितके ठामपणे ठरलेले नाही.

फुप्फुसांतील परिणाम :
अंतर्विषाची चाहूल लागताच पांढऱ्या पेशी चेतविल्या जातात व फुप्फुसांच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत अडकतात. त्यांनी सोडलेली विकरे व प्राणवायूची विध्वंसक रूपे केशवाहिन्यांच्या भिंती जर्जर करतात. वायुकोशांत द्रव साचतो व रक्तास प्राणवायू मिळत नाही. १९६७ मध्ये ॲशबॉ व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांच्या आधारे वर्णिलेला तीव्र श्वसन-विकार तो हाच. मात्र त्याची कारणे अनेक असून आतड्याची इजा ही त्यांपैकी एक होय.

जिल्ह्याचा संदर्भ :
अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर, हा बव्हंशी पर्जन्यछायेतील जिल्हा आहे. दूषित पाण्याने होणारे जुलाब व उन्हात राबणाऱ्या मजुरांना होणारा उष्माघात या दोहोंत शरीरातील पाणी घटते आणि आतड्याचा रक्तपुरवठा आटतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे आरंभिलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. जुलाब झालेल्या बालकास साखर-मिठाचे पाणी वेळीच पाजणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. वरील विवेचनाच्या प्रकाशात त्या साध्या उपायाचा अर्थ अधिक व्यापक ठरतो.

निष्कर्ष :
फुप्फुसांत द्रव साचल्यावर कृत्रिम श्वसन व अतिदक्षता विभाग यांचीच गरज भासते. खेड्यापासून ती सोय दूर असते. त्याआधीचे उपाय म्हणजे शुद्ध पाणी, शरीरातील पाण्याची त्वरित भरपाई, उष्माघातात शरीर तातडीने थंड करणे व आतड्यास छिद्र पडल्यास विनाविलंब शस्त्रक्रिया. आतड्याचे वेळीच केलेले रक्षण हे फुप्फुसांचेही रक्षण होय.