हात थरथरतो म्हणजे दारूच, असे नाही

वस्तीत काम करताना हे वारंवार दिसते. आजोबा कप दोन्ही हातांनी धरतात, तरी चहा सांडतो. बँकेत सही जुळत नाही. लोक मागे कुजबुजतात, "दारूने हात गेले." ज्यांनी कधी दारू घेतली नाही, त्यांनाही हे ऐकावे लागते. मग माणूस लग्नकार्यात पंगतीला बसणेच टाळतो.

या थरथरीमागे अनेकदा आजार असतो. 'इसेन्शियल ट्रेमर'मध्ये काही धरताना, लिहिताना हात कापतो. तो काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या असतो. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असताना जास्त कापतो आणि हालचाल मंदावते. थायरॉईडमुळे किंवा काही औषधांमुळेही कंप होतो. म्हणून आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. पहिला उपचार गोळ्यांचाच असतो.

गोळ्या पुरेशा ठरत नाहीत, तेव्हा 'फोकस्ड अल्ट्रासाउंड' हा एक पर्याय आहे. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणले की कागद जळतो, तसेच हे तंत्र. डोक्यावरील शिरस्त्राणातून सुमारे हजार ध्वनिलहरी मेंदूतील थॅलॅमस या भागातल्या एका बिंदूवर एकवटतात. तिथे तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत जाते आणि कंप पसरवणारा काही मिलिमीटरचा भाग निकामी होतो. कवटी उघडावी लागत नाही. मात्र केस काढतात आणि डोके चौकटीत घट्ट बसवतात. रुग्ण एमआरआय यंत्रात जागा असतो. आधी सौम्य उष्णता देऊन त्याला रेघा काढायला सांगतात; जागा अचूक असल्याची खात्री पटल्यावरच उष्णता वाढवतात.

इसेन्शियल ट्रेमरसाठी अमेरिकेत या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ७६ रुग्णांच्या अभ्यासात, उपचार मिळालेल्यांच्या हाताचा कंप तीन महिन्यांत सरासरी ४७ टक्क्यांनी घटला. पण ३६ टक्के जणांना चालताना त्रास झाला, ३८ टक्के जणांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या. वर्षभरानंतर हे प्रमाण अनुक्रमे ९ आणि १४ टक्के उरले.

निकामी केलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. पार्किन्सनचा आजारही यामुळे थांबत नाही, फक्त लक्षणे कमी होतात. काहींच्या कवटीतून लहरी नीट जात नाहीत, त्यांना हा उपचार चालत नाही. म्हणून निर्णयाआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: आजार नेमका कोणता, गोळ्यांचे सर्व पर्याय संपले का, आणि खर्च किती, तो कोणत्या योजनेत बसतो का?

आणि तोवर आजोबांना कप अर्धाच भरून द्या. त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवा.