गोंधळ्याने माईक कोणता घ्यावा?

तुळजापुरात भवानीचा गोंधळ रंगात आला आहे. शेजारी संबळ कडाडतो; गोंधळी जीव तोडून गातो, पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवावा, तर कर्णा शिट्टी मारतो. असे का होते?

कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, परत शिरतो. या चक्राचीच ती शिट्टी! म्हणून येथे एकदिशा माईक हवा. त्याला मागे बारीक छिद्रे असतात. पाठीकडून आलेला ध्वनी छिद्रांतून आणि समोरून, पडद्याच्या दोन्ही बाजूंवर एकदमच दाब देतो. पडदा जवळजवळ हलतच नाही. तेव्हा कर्णे आणि शक्यतो संबळही माईकच्या पाठीकडे ठेवावेत. जाळी मुठीत धरू नये. छिद्रे बुजली की शिट्टी उलट वाढते.

माईक तोंडापासून १६ सें.मी. वरून ८ सें.मी. वर आणला, तर गाण्याची तीव्रता सुमारे ४ पट होते. संबळाची फारशी बदलत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, संमेलनात माईक हाती आला, की आधी त्याची पाठ कोणीकडे आहे ते पाहा!